‘दलाल’ आणि ‘एनजीओवाले’

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर या गावी ललित बहाळे यांच्या वावरात हजाराहून अधिक शेतकरी जमले आणि सरकारची परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं त्यांनी सगळ्यांच्या देखत जमिनीत टाकलं. शेतकरी संघटनेने हा कार्यक्रम आधीच जाहीर केला होता. तारीख, गाव, वावर कुणाचं, काहीच लपवलेलं नव्हतं. बियाण्याचे नमुने तपासणीला गेले, पुढे गुन्हेही दाखल झाले. पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार तेव्हा या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता. हे ठाऊक असूनच माणसं आली होती.

त्या दिवसाबद्दल बाजूने आणि विरोधात बरंच लिहिलं गेलं. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. विचाराने बांधलेल्या गटावर विरोधी विचाराचा माणूस टीका करतो, तेव्हा तो गट त्या टीकेचं काय करतो? हा प्रश्न पक्षांना लागू आहे, जातिसंघटनांना आहे, मोबाइलवर दिवसभर एकमेकांवर तुटून पडणाऱ्या सगळ्याच गटांना आहे. पण जनुकीय बियाण्यांच्या वादात तो फार स्वच्छ दिसतो, कारण इथे दोन्ही बाजूंना आपण शेतकऱ्याच्या भल्यासाठीच लढतो आहोत अशी खात्री आहे.

आधी ते बियाणं काय होतं ते पाहू. साध्या बीटी कपाशीत जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं. त्यामुळे झाडात बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार होतं. केंद्राच्या जीईएसी या समितीने मार्च २००२ मध्ये तिला परवानगी दिली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. अकोलीत पेरलेल्या एचटीबीटी वाणात याखेरीज आणखी एक जनुक असतं. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतीतलं एक विकर बंद पाडतं. त्या विकराशिवाय वनस्पतीला गरजेची अमिनो आम्लं बनवता येत नाहीत आणि ती वाळून जाते. ग्लायफोसेट बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात तग धरून असलेला एक जिवाणू संशोधकांना सापडला. त्याचं हे विकर ग्लायफोसेटला दाद देत नव्हतं. त्याचं जनुक कपाशीत घातलं की फवारणीनंतर तण मरतं आणि पऱ्हाटी उभी राहते. हे वाण भारतात परवानगीच्या रांगेत होतं. २०१६ मध्ये अर्ज मागे घेतला गेला, पण बियाणं चोरवाटेने वावरात पोचलंच. त्याला लोक ‘चोर बीटी’ म्हणतात.

हे बियाणं शेतकऱ्याला का हवं असतं, हे पावसाळ्यात अकोट भागातल्या वावरात उभं राहिलं की कळतं. सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या खारपाण पट्ट्यापर्यंत काळी, चिकट जमीन आहे. जुलैत झड लागली की आठ-आठ दिवस वावरात पाय घालता येत नाही. डवरा चालत नाही, बैलाचे पाय रुततात, आणि तेवढ्यात तण कपाशीच्या डोक्यावर जातं. उघडीप मिळाली की सगळ्यांना एकाच दिवशी निंदणाला बाया हव्या असतात. ज्याला त्या मिळत नाहीत, त्याचं पीक तणात बसतं. अशा वेळी एका फवारणीत काम होतं असं कुणी सांगितलं, तर शेतकरी बियाण्याचं बिल मागत बसत नाही. २०१९ मध्ये बोलगार्ड-२ च्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली किंमत ७३० रुपये होती. चोर बीटीला ना बिल, ना पत्ता, ना उगवणीची हमी. बियाणं उगवलं नाही तर तक्रार करायला कुणी उरत नाही, कारण ते विकणारा आणि घेणारा दोघेही कायद्याच्या बाहेर असतात.

विरोधकांचे मुद्देही पोकळ नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटला माणसात बहुधा कर्करोगकारक ठरवलं होतं, तर अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेचं मत उलट होतं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं मेली होती. ती औषधं वेगळी होती, पण फवारणाऱ्याच्या अंगावर संरक्षक कपडे नसतात हे सगळ्यांनी पाहिलं होतं. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारत राहिलं तर त्याला न जुमानणारं तण तयार होतं, हे अमेरिकेतल्या कापूस पट्ट्यात घडलं होतं. तिथे राजगिऱ्याच्या कुळातलं एक तण ग्लायफोसेट पचवून माणसाच्या उंचीएवढं वाढू लागलं, आणि काही शेतकऱ्यांना पुन्हा हाताने निंदणी करावी लागली.

म्हणजे एका बाजूला मजुरी, झड आणि तण, दुसऱ्या बाजूला विष, प्रतिकारशक्ती आणि बेहिशेबी बियाणं. एकमेकांसमोर बसून बोलावं असाच हा विषय होता. प्रत्यक्षात दोन शब्द सर्वांत जास्त चालले. तंत्रज्ञान मागणारे म्हणजे ‘कंपनीचे दलाल’ आणि विरोध करणारे म्हणजे ‘परदेशी पैशावरचे एनजीओवाले’. गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि फेसबुकवर टीकेला उत्तर म्हणून मुद्दा येण्याआधी हा शिक्का येतो. शिक्का बसला की पुढचं कुणी वाचत नाही.

शिक्के टिकतात, कारण त्यांना थोडा आधार असतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यांत ग्लायफोसेट बनवणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. ग्लायफोसेट सुरक्षित असल्याचं सांगणाऱ्या लेखनात कंपनीच्या माणसांचा पडद्याआडून हात होता, हे त्यांतून पुढे आलं. ‘दलाल’ म्हणणाऱ्यांना तेवढं पुरलं. २०१४ मध्ये गुप्तवार्ता विभागाचा एक अहवाल फुटला होता. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्था विकास अडवतात आणि जनुकीय पिकांचा विरोध हा त्याचाच भाग आहे, असं त्यात म्हटलं होतं. ‘एनजीओवाले’ म्हणणाऱ्यांना तेवढं पुरलं. पण एखाद्या कंपनीने लबाडी केली म्हणून झडीतलं तण खोटं ठरत नाही. एखाद्या संस्थेला बाहेरून पैसा आला म्हणून तणाची प्रतिकारशक्तीही खोटी ठरत नाही.

माणसं असं का करतात, याचा अभ्यास बराच झाला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉर्ड, रॉस आणि लेपर यांचा १९७९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. फाशीच्या शिक्षेच्या बाजूची आणि विरोधातली अशा दोन्ही प्रकारच्या माणसांना त्यांनी तीच दोन संशोधनं वाचायला दिली, एक शिक्षेचा उपयोग होतो म्हणणारं आणि एक होत नाही म्हणणारं. प्रत्येकाला आपल्या मताचं संशोधन भक्कम वाटलं, दुसऱ्यात खोट सापडली, आणि वाचून झाल्यावर दोन्ही गट आपापल्या मताकडे आणखी सरकल्याचं सांगू लागले. २०१८ मध्ये ख्रिस्तोफर बेल आणि सहकाऱ्यांनी ट्विटरवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना महिनाभर विरोधी विचाराच्या संदेशांचा रतीब घातला, तर ते मवाळ होतील का, हे त्यांना पाहायचं होतं. रिपब्लिकन मंडळी उलट अधिक कडवी झाली. डेमोक्रॅट मंडळींमध्ये ठळक बदल दिसला नाही. म्हणजे दुसरी बाजू नुसती कानावर पडली की माणूस समजूतदार होतो, हा भरवसा धरता येत नाही. ती बाजू हल्ला म्हणून कानावर पडते की माहिती म्हणून, यावर बरंच अवलंबून आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. खरी माहिती दाखवली की माणूस चुकीच्या समजुतीला उलट घट्ट धरतो, असं २०१० च्या एका अभ्यासावरून सर्रास सांगितलं जाऊ लागलं होतं. थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी नंतर हजारो लोकांवर आणि कितीतरी मुद्द्यांवर ते तपासून पाहिलं, तेव्हा तो परिणाम फारसा सापडला नाही. लोक वस्तुस्थिती बरीचशी मान्य करतात. बदलत नाही ती निष्ठा. आपल्याकडच्या वादात मला हेच दिसतं. एकांतात बसलेला शेतकरी कार्यकर्ता मान्य करतो की चोर बीटीत फसवणूक होते. एकांतात सेंद्रियवाला कार्यकर्ता मान्य करतो की दहा एकरांचं निंदण मजुरांविना होत नाही. चारचौघांत किंवा गटावर दोघेही हे बोलत नाहीत, कारण तिथे एखादा मुद्दा मान्य करणं म्हणजे फितुरी ठरते.

२०१९ मध्येच नेचर ह्यूमन बिहेवियर या नियतकालिकात फिलिप फर्नबाक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीत त्यांना असं आढळलं की जनुकीय अन्नाला सर्वांत टोकाचा विरोध करणाऱ्यांना विज्ञानाची माहिती सर्वांत कमी असते, आणि आपल्याला सर्वांत जास्त माहिती आहे असं त्यांनाच वाटत असतं. तंत्रज्ञानाच्या बाजूच्या माणसाला हा निष्कर्ष गोड लागणारच. पण तो टोकाच्या विरोधकाबद्दल आहे, प्रत्येक टीकाकाराबद्दल नाही. आणि विरोधकाला कमी कळतं एवढ्याने त्याने विचारलेला प्रश्न बाद होत नाही.

याचा पुरावा बोंडअळीनेच दिला. बीटी आलं तेव्हा विरोधक म्हणत होते की अळी या प्रथिनाला सरावेल. शास्त्रज्ञांनाही ते माहीत होतं, म्हणूनच बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची वेगळी पुडी दिली जायची. बांधाकडेने ती लावायची, म्हणजे तिथे साध्या अळ्या टिकतात, त्यांच्या पतंगांचा सरावलेल्या अळ्यांच्या पतंगांशी संकर होतो आणि प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. ती पुडी बहुतेकांनी लावलीच नाही. कमी उत्पन्न देणाऱ्या ओळी कोण लावणार? पुडीचं कारण शेतकऱ्याच्या भाषेत पटवून सांगणाराही जवळ नव्हता. समर्थकांनी ‘अळी सरावेल’ हे म्हणणं भीती पसरवण्यात जमा केलं. गुजरातमधल्या गुलाबी बोंडअळीने पहिल्या जनुकाला दाद देणं सोडलं, हे २०१० मध्ये मोन्सॅन्टो कंपनीनेच मान्य केलं. २०१७ च्या हंगामात विदर्भातली बोलगार्ड-२ ची बोंडं आतून पोखरलेली निघाली. वरून हिरवं, टपोरं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आणि किडलेली सरकी. टीका कुणी केली ते न पाहता पुडीचा प्रश्न वेळीच हाती घेतला असता, तर हे नुकसान निदान पुढे ढकलता आलं असतं.

विरोधी छावणीचा हिशेबही मांडायला हवा. २००६ च्या सुमारास वारंगळ भागात बीटीची पानं खाऊन मेंढ्या मेल्याचं सांगितलं गेलं, पण तपासण्यांत त्याला दुजोरा मिळाला नाही. बीटीमुळे शेतकरी आत्महत्या वाढल्या, हा दावाही २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या अभ्यासाला मान्य करता आला नाही. देशाचं कापसाचं उत्पादन २००२-०३ मध्ये १३६ लाख गाठी होतं, २०१३-१४ मध्ये ते ३९८ लाख गाठींवर गेलं. त्यात बीटीचा वाटा किती आणि खत-पाण्याचा किती, यावर प्रामाणिक वाद आहे. पण काही फायदा झालाच नाही असं सांगणाऱ्यावर, ज्याच्या फवारण्या सुरुवातीच्या वर्षांत कमी झाल्या तो शेतकरी विश्वास ठेवत नाही. मेंढ्यांची गोष्ट पुढे रेटत राहिल्याने अळीच्या सरावण्याची खरी गोष्टही ऐकली गेली नाही, असं मला वाटतं.

टीका करणारा घरचा असला तर काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. केशव क्रांती हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे संचालक होते. २०२० मध्ये ग्लेन स्टोन यांच्यासोबत लिहिलेल्या निबंधात त्यांनी म्हटलं की उत्पादनवाढीचं श्रेय बीटीला देणं आकडेवारीला धरून नाही आणि शेतकरी आता कीटकनाशकांवर पूर्वीपेक्षा जास्त खर्च करतो. २०१८ च्या अखेरीस केसवन आणि एम. एस. स्वामिनाथन यांच्या लेखात बीटी कापूस अपयशी ठरवला गेला, तेव्हा केंद्राचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार विजयराघवन यांनी त्या लेखात मोठे दोष असल्याचं जाहीरपणे सांगितलं. हे विद्वानांमधलं भांडण आहे, कडू असलं तरी कागदावरचं, मुद्द्यांचं. समाजमाध्यमांवर मात्र ज्यांना काल हरितक्रांतीचे जनक म्हटलं जात होतं, त्या स्वामिनाथन यांच्या हेतूवर आज शंका घेतली गेली. कालपर्यंत त्यांना नावं ठेवणाऱ्या सेंद्रियवाल्यांनी त्यांचाच दाखला डोक्यावर घेतला. आपला माणूस टीका करू लागला की तो कुणाचा, हेच आधी बदलतं.

आपल्याकडे हे मोबाइलमुळे सुरू झालं असं समजण्याचं कारण नाही. सुधारकी मतांसाठी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा पुण्यात काढली गेली, तेव्हा तार आणि छापखाना एवढीच साधनं होती. मोबाइलने गती आणली, आणि गटाला चोवीस तास एकत्र बसवलं. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. तिने अफवांचा वेग कमी झाला असेल, पण शिक्का मारायला एकच गट पुरतो.

आता पुन्हा अकोली जहांगीरकडे. त्या दिवसाचं वेगळेपण असं की तिथे शेतकरी संघटनेने टीकेला उत्तर देण्याची जागाच बदलली. बियाणे माफिया, चोरटा धंदा, अंधारातला व्यवहार हा विरोधकांचा आरोप होता, आणि तो बऱ्याच अंशी खरा होता. संघटनेने आरोप नाकारला नाही. दिवसाढवळ्या पेरलं, नाव सांगितलं, गुन्हा अंगावर घेतला, आणि म्हटलं की चोरटेपणाच नको आहे म्हणून परवानगी द्या, म्हणजे बिल मिळेल, लेबल येईल, तक्रार करता येईल. विरोधकाच्या आरोपातला खरा भाग उचलून आपल्या मागणीचा पाया करणं, हे मोठं राजकीय कौशल्य आहे. संघटनेत ते संस्थापक शरद जोशींपासून आलं आहे. २००१ मध्ये गुजरातेत परवानगी नसलेलं नवभारत कंपनीचं बीटी सापडलं आणि उभं पीक जाळण्याचा आदेश निघाला, तेव्हाही जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उघडपणे उभे राहिले होते.

त्याआधी तीन वर्षं, १९९८ मध्ये, कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघाने बीटीच्या चाचणीची शेतं जाळली होती. तेही शेतकऱ्यांचेच नेते, तेही गांधींचं नाव घेणारे, तेही उघडपणे आणि जाहीर करून. जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावापासून हे दोघे आमनेसामने होते. जोशींना खुल्या बाजारात शेतकऱ्याची सुटका दिसत होती, नंजुंडस्वामींना त्यात गुलामी दिसत होती. पण बेनामी शिक्के मारण्यापेक्षा दोघांचंही वागणं मला मोलाचं वाटतं, कारण दोघांनीही आपल्या म्हणण्याची किंमत स्वतः मोजायची तयारी ठेवली.

जनुकीय बियाण्यांना विरोध करणाऱ्यांचं उत्तर मात्र २०१९ मध्ये तोकडं पडलं. त्यांनी कारवाईची मागणी केली. कायद्याच्या दृष्टीने ती रास्त होती. मे २०१९ मध्ये हरियाणातल्या फतेहाबादेत बीटी वांगं सापडलं, तिथे त्यांच्या तक्रारीनंतर पीक नष्टही झालं. पण वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला त्यातून एवढंच ऐकू आलं की हे लोक माझ्यावर पोलीस पाठवायला सांगतात. त्याच्या झडीचं, त्याच्या निंदणाचं काय करायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं. खरं तर ते देण्याची ताकद त्यांच्याकडे होती. नैसर्गिक शेतीचे सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातलेच, २०१६ चे पद्मश्री. त्यांच्या पद्धतीत आच्छादनाने तण दाबण्याला मोठं स्थान आहे. अकोलीच्या पेरणीनंतर महिनाही झाला नव्हता, तोच ५ जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी याच झिरो बजेट शेतीचा उल्लेख केला. एकाच वऱ्हाडातून महिन्याभरात शेतीचे दोन टोकाचे रस्ते देशापुढे आले. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यात आहे. त्याच्या शेतावर दोन्ही बाजूंच्या माणसांनी शेजारी-शेजारी एकेक एकर पेरून तण, मजुरी आणि उत्पन्नाचा हिशेब एकत्र लिहिला असता, तर त्याला शंभर पोस्टींपेक्षा जास्त किंमत आली असती.

या सगळ्यात एक बाजू कुणाच्याच गटावर नाही. निंदणाला जाणाऱ्या बायांची. तणनाशक आलं की त्यांचा पावसाळ्यातला रोज जातो. विरोधक त्यांचं नाव घेतात ते युक्तिवादापुरतं, समर्थक त्यांची टंचाई सांगतात ती खर्चाच्या रकान्यात. उन्हापावसात वाकून कंबर मोडणारं हे काम त्यांना हवं आहे की नको, त्याऐवजी दुसरं कोणतं काम मिळू शकतं, फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी शिरल्याने काय होतं, हे त्यांना दोन्ही छावण्यांनी विचारलेलं नाही. गटात नसलेल्या माणसाचं म्हणणं ऐकायला टीकेपेक्षाही जास्त कान लागतो.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात असा. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक फवारणी करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. कागदावर विरोधकांची काळजी मान्य झाली, पण चोर बीटीचा बाजार थांबला नाही. बोंडअळीच्या बाबतीत मात्र एक शहाणं पाऊल पडलं. लोक वेगळी पुडी लावत नाहीत, हे मान्य करून २०२० पासून बिगर-बीटी बी बीटीच्याच पाकिटात मिसळून द्यायचं ठरलं. ४५० ग्रॅमचं पाकीट त्यामुळे ४७५ ग्रॅमचं झालं. विरोधकांची टीका, शास्त्रज्ञांचा सल्ला आणि शेतकऱ्याची अडचण या तिन्ही गोष्टी त्या जास्तीच्या बियाण्यात आल्या आहेत. आज अकोटच्या कृषी सेवा केंद्रातून बिलावर बियाणं घेणारा शेतकरी, कुठल्याही बाजूचा असो, ते बी पेरतो. चोर बीटीच्या पाकिटात काय मिसळलं आहे, हे कुठेही छापलेलं नसतं.